म्सेका गावचे बिनकिड्यांचे उंदीर

९ जून, सोमवार

शहरातून रानउंदरांच्या किड्यांचा अभ्यास करायला आलेल्या चिराम्बोबाईंनी मला दोन वह्या दिल्या. एक जाड, रकाने आखलेली. तिच्यात उंदराचं वजन, शेपटीची लांबी, नर की मादी, आणि जठरात किती किडे, आतड्यात किती, यकृतावर पांढरे ठिपके आहेत की नाहीत, एवढंच लिहायचं. "लुफेयो, जे डोळ्यांना दिसलं तेवढंच या वहीत. तुम्हाला काय वाटलं, का वाटलं, ते नको," असं बाईंनी बजावलं. दुसरी वही कशासाठी ते त्या सांगायला विसरल्या. मग मी ठरवलं, दिसलं ते त्या वहीत आणि कळलं नाही ते या वहीत.

काम असं. गावकरी खाण्यासाठी शेतातून रानउंदीर खणून काढतात, तसे ते दर वर्षी काढतातच. त्यातले रोज दहा-बारा मला मिळायचे. मी ते चिरून आतले किडे मोजायचे आणि दर शनिवारी आकडे बाईंना फोनवर कळवायचे. किड्यांची नावं बाई ठरवतील. ओढ्यापलीकडच्या गावात हेच काम सितोलो करतो. तो बिनलग्नाचा, एकटा राहतो, पण माणूस नीटनेटका नाही. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं.

मी या गावचा जावई. आमच्यात मुलगा बायकोच्या गावी राहायला येतो आणि तिथे नीट वागला तर राहतो. मी तळ्याकाठचा, मासे खाऊन वाढलेला. उंदरांतलं मला फारसं कळत नाही, पण चाकू धरता येतो आणि अक्षर चांगलं आहे. माझ्या बायकोचे, एनिफाचे मामा, फानिझोमामा, यांच्या शब्दाशिवाय या घरात पान हलत नाही. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, जावईबापूंच्या हाताला अजून एक घट्टा नाही. आता उंदराच्या पोटातले किडे मोजणार! बरं आहे, बसून करायचं काम आहे." सगळे हसले. मीही हसलो, पण मला झोंबलं.

हे काम मला टिकवायचं आहे. हे गेलं तर मामा मला माझी चटई आणि कुदळ देऊन तळ्याची वाट दाखवतील. तसं त्यांनी शेजारच्या जावयाला दाखवलेलं मी पाहिलं आहे.

१० जून

पहिली टोपली आली. शिकारी उंदीर आणून सासूबाईंच्या अंगणात ठेवतात, कारण जावयाकडे जे काही जायचं ते सासूच्या हातून जातं, त्याला दुसरी वाट नाही. तिथून एनिफा टोपली मी काम करतो त्या मक्याच्या जुन्या कोठाराच्या ओट्यावर आणते. सासूबाई आणि मी एकमेकांशी बोलत नाही. भांडण नाही, रीतच तशी आहे. त्या समोरून आल्या तर मी झुडपात शिरतो. मी आलो तर त्या पाठ करून उभ्या राहतात. काही सांगायचं झालंच तर त्या कोंबडीला सांगतात, नाहीतर उखळाला, आणि मी ऐकतो.

अकरा उंदीर चिरले. गुबगुबीत, तुकतुकीत. गालात दाणे भरून ठेवणारे कापुकू तर हातात मावत नव्हते. किडे शून्य. वही स्वच्छ दिसते आहे.

संध्याकाळी एनिफाने विचारलं, "सापडले का?" मी म्हटलं, "एकही नाही." ती हसली आणि भांडी टाकून आईकडे पळाली. माझ्या नशिबी पहिल्याच दिवशी भोपळा, यात हसण्यासारखं काय आहे?

१४ जून

पाच दिवस, चोपन्न उंदीर, शून्य किडे.

सितोलोला फोन केला. तो म्हणाला, "अरे, माझ्याकडे तर नुसता गोंधळ आहे. काल एकाच्या आतड्यातून वीतभर चपटी फीत निघाली. दुसऱ्याच्या पोटात चौदा होते, एकमेकांना मिठ्या मारून बसलेले. तुझ्याकडे काय?"

"आहेत," मी म्हटलं. "थोडे आहेत."

खोटं बोललो. वहीत मात्र शून्यच लिहिलं आहे.

१६ जून

भिंग लावून सहा तास पाहिलं. दुपारी एक सापडला! पांढरा, बारीक, वळलेला. मी ओरडलोच. मग नीट पाहिलं, तर तो माझ्याच सदऱ्याच्या बाहीचा दोरा होता.

एनिफा म्हणाली, "आज तुमचा चेहरा उतरलाय." तिने ते जाऊन आईला सांगितलं असणार, कारण थोड्या वेळाने सासूबाई कुंपणापलीकडून कोंबडीला म्हणत होत्या, "काळजी करू नकोस गं, उद्यापासून मी आणखी नीट बघते." त्या काय नीट बघणार, काही कळलं नाही.

२३ जून

चिराम्बोबाईंचा निरोप आला. "लुफेयो, दोन आठवडे शून्य. आणि तुमच्या सगळ्या उंदरांची वजनं इतकी सारखी कशी? एकही रोडका नाही? एकही पिल्लू नाही? पुन्हा तोलून पाहा."

पुन्हा तोलले. उलट आजचे उंदीर कालच्यापेक्षा जड निघाले. तराजू सासरच्या मिठाच्या पुडीवर तपासला. तराजू बरोबर आहे.

संध्याकाळी एनिफाच्या ताटात डोकावलो. मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा, पालेभाजी आणि दोन उंदीर, नुसती हाडं आणि शेपट्या. मला कोंबडीचा रस्सा होता. "तुमच्यात हे असले का?" मी विचारलं. "यंदा असलेच येतात," ती म्हणाली आणि ताट झाकून घेतलं. मग माझ्याकडे येतात ते कुठल्या शेतातले?

२४ जून

चिरून झालं की उंदीर चुन्याच्या खड्ड्यात टाकायचे, असा बाईंचा नियम आहे. आज खड्ड्यात टाकत होतो तेव्हा सासूबाई मोरीपाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्या, पण मान थोडी वळलेली. खड्ड्याकडे पाहत होत्या. त्यांनी मोठा उसासा सोडला आणि आत गेल्या.

२९ जून

आज सासूबाईंना पाहिलं. पाहायला नको होतं, पण कोठाराच्या फटीतून अंगण दिसतं. त्या टोपलीपाशी बसल्या होत्या. एकेक उंदीर उचलायचा, अंगठ्याने पोट दाबायचं, कानामागचे केस फुंकून बघायचे, शेपटीचं मूळ चिमटीत धरायचं, मग एक इकडे, एक तिकडे. इकडची टोपली एनिफाने माझ्याकडे आणली. तिकडची त्यांनी पदराखाली झाकून आत नेली.

माझे उंदीर कमी होत आहेत! मी रात्रीचं जेवण नीट जेवू शकलो नाही. लिहायलाही लाज वाटते, पण ही वही त्याचसाठी आहे. माझी सासू माझ्या टोपलीतून उंदीर काढते आहे. आणि मी कोणाला विचारू? तिच्याशी बोलता येत नाही, आणि तिच्याबद्दल बोलणं तर त्याहून वाईट.

४ जुलै

दोनशे सदुसष्ट उंदीर. शून्य.

मी काय काय विचार केला ते लिहून ठेवतो. एक, या टेकडीच्या मातीत काहीतरी आहे. दोन, स्मशानाच्या राईत कोणी खणत नाही, तिथून एखादं औषधी मूळ शेतात पसरलं असेल. तीन, सितोलो खोटं लिहितो. चार, माझ्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं आहे. पाच, किडे आहेत, पण मला बघून लपतात. पाचवा विचार दुपारी उन्हात आला होता, म्हणून त्याला फार किंमत देत नाही. पण देत नाही असंही नाही.

चौथा तपासला. सुईत दोरा पहिल्याच झटक्यात ओवला. मग एनिफाच्या भावाने आणलेल्या मक्याच्या कणसातली अळी दहा हातांवरून मला दिसली. डोळे ठीक आहेत. म्हणजे बिघाड डोळ्यांच्या मागे कुठेतरी असणार.

एनिफा रोज विचारते, "सापडले का?" मी "नाही" म्हणतो, ती खुशीत जाते. मला आता तिच्या हसण्याचा राग येतो. माझं काम बुडतं आहे आणि माझी बायको आनंदात आहे.

११ जुलै

आज मूर्खपणा केला.

फानिझोमामा शेतावरून परतताना कुंपणाशी भेटले. मी विचारलं, "मामा, आज किती धरले?"

"चाळीसेक असतील. चार बिळं लागली. का हो?"

"माझ्याकडे बारा आले."

"मग?"

"बाकीचे कुठे जातात?"

मामा थांबले. कुदळ खांद्यावरून उतरवली. "बाकीचे घरात शिजतात, जावईबापू. खायला नको?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण डोक्यात साडेतीनशे शून्यं फिरत होती. मी म्हणालो, "म्हणजे शेत आणि माझा ओटा यांच्या मध्ये कोणाचा तरी हात आहे."

मध्ये हात एकच आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मामांचा चेहरा दगडासारखा झाला. "हे तुम्ही पुन्हा एकदा म्हणा," ते म्हणाले, "पण चार माणसांसमोर म्हणा."

१२ जुलै

एनिफा माझ्याशी बोलत नाही. जेवण आणून ठेवते आणि जाते. आज कुंपणापलीकडून ना कोंबडीला कोणी काही सांगितलं, ना उखळाला. दोन वर्षांत मला ते बोलणं ऐकायची इतकी सवय झाली होती हे मला आज कळलं. अंगण अगदी मोकळं वाटत होतं.

तरी टोपली आली. बारा उंदीर, लोण्यासारखे. शून्य.

१४ जुलै

बाईंचा निरोप. "गुरुवारी येते. तुमच्यासमोर चिरून पाहणार. आकडे बसल्या जागी लिहिलेले असतील तर आताच सांगा, चाकू आणि तराजू परत घेऊन जाईन, आरडाओरडा करणार नाही."

तासाभराने मामांचा माणूस आला. "गुरुवारी सकाळी तुमची बैठक आहे. सासूला चोर म्हटल्याबद्दल. तुमच्याकडचे मामा येणार असतील तर बोलावून घ्या."

माझे मामा तळ्याच्या पलीकडे असतात, दोन दिवस लागतात. मी एकटाच आहे. चटई काढून झटकली. कुदळीचा दांडा सैल झाला होता, तो ठोकून घट्ट केला. मग बसून रडलो. हेही लिहून ठेवतो.

१७ जुलै, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

बाई लवकर आल्या. अंगणात माणसं जमलेली पाहून म्हणाल्या, "कोणी गेलं का?" मामा म्हणाले, "अजून नाही, जायचा आहे," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंना वाटलं बैठक त्यांच्यासाठीच भरली आहे. त्यांनी टेबल मांडून घेतलं, हातमोजे चढवले आणि आजची टोपली मागितली.

बाईंनी स्वतः बारा उंदीर चिरले. सगळे बघत होते. शून्य, शून्य, शून्य. सातव्या उंदरानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांची नजर बदलली होती. "लुफेयो, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकले. या टेकडीत खरंच काहीतरी वेगळं आहे!" बाईंचे डोळे चमकत होते. मला फार बरं वाटलं.

पण त्या शिकलेल्या बाई. म्हणाल्या, "आता माझ्यासमोर एक बीळ खणा."

मामांनी अंगणामागच्या शेतातच खणलं. आठ निघाले, सगळ्या आकाराचे, दोन तर काटकुळे. बाईंनी चिरले. आठांपैकी सहांत किडे. वळवळणारे, पांढरे, भरपूर. एकाचं यकृत तर ठिपक्यांनी भरलेलं. सव्वा महिना ज्यांच्यासाठी डोळे फोडले, ते असे समोर पडलेले पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही उंदीर बदलता. कशासाठी?"

"मी नाही बदलत."

"मग कोण?"

"बोला की," मामा म्हणाले. "मध्ये कोणाचा हात आहे ते बोला आता. चार माणसं आहेत."

मी सासूबाईंचं नाव घेतलं नाही. खरं सांगतो, मोठेपणा म्हणून नाही. एकीकडे मी खोटारडा, दुसरीकडे मी सासूला चोर म्हणणारा, आणि या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला जागा नव्हती. मी जाऊन चटई आणि कुदळ घेऊन आलो आणि मामांच्या पायाशी ठेवली.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावर कापड होतं. त्या पाठ करून उभ्या राहिल्या नाहीत. कोंबडीकडे पाहिलं नाही. सरळ चालत माझ्यासमोर आल्या, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि माझं नाव घेतलं.

"लुफेयो," त्या म्हणाल्या, "माझ्या जावयाला मी किडके उंदीर देऊ?"

मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

"पहिल्या दिवशी पोरगी म्हणाली, हा पोटातले किडे शोधतो. म्हटलं, अरे देवा, ती मोठी बाई शहरात बसून तपासणार, आणि किडे निघाले तर माझ्या जावयावर ओरडणार, की तुझ्या सासरचे असलं खायला घालतात. मी रोज पोरीकरवी विचारायची, सापडले का? नाही म्हटलं की मला झोप लागायची. आणि हा तोंड पाडून बसायचा. मला वाटलं, एखादा राहून जात असेल, म्हणून मी आणखी निवडायची."

"आणि ते बाजूला काढलेले?" बाईंनी विचारलं.

सासूबाई आत गेल्या आणि हातभर बांबूच्या कामट्या घेऊन आल्या. प्रत्येक कामटीत मिठात उकडून धुरावर सुकवलेले उंदीर ओळीने अडकवलेले, केसासकट, आतड्यासकट, जसे आम्ही ठेवतो तसे. "रोजची एक कामटी," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याला होतील म्हणून ठेवले. थोडे आम्ही मायलेकींनी खाल्ले. चांगले सगळे त्याला जायचे ना."

सव्वा महिना. घरातले लठ्ठ उंदीर, ज्यांची वर्षभर वाट बघतात, ते सगळे माझ्या चाकूखाली आले आणि चुन्याच्या खड्ड्यात गेले. त्या मोरीपाशी उभ्या राहून बघत होत्या. आणि आत जाऊन शेपट्या चोखत होत्या. आणि मी या वहीत काय लिहिलं आहे? एकोणतीस जूनचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. ते तसंच राहू दे, मला दिसत राहील.

"एनिफा, तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "जावयाला कोण वाईट देतं? मला वाटलं, एवढं तर तुम्हाला ठाऊक असेल."

मामांनी चटई उचलली, गुंडाळली आणि आमच्या झोपडीच्या दाराला नेऊन टेकवली. कुदळ मात्र माझ्या हातात दिली. "उद्यापासून खणायला आमच्याबरोबर या," म्हणाले. "उंदीर कुठून येतो ते बघा जरा."

बाई ना हसल्या, ना रागावल्या. त्या सासूबाईंजवळ जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "न चिरता तुम्हाला कसं कळतं?"

१८ जुलै

बाई शाळेत मुक्कामाला राहिल्या. सकाळी ताजे वीस उंदीर सासूबाईंपुढे ठेवले. पोट, कानामागचे केस, शेपटीचं मूळ. पाणी उकळायच्या आत दोन ढीग तयार. मग मी चिरले.

वाईट ढिगातल्या दहाच्या दहांत किडे. चांगल्या ढिगात नऊ कोरे आणि एकात एकच बारीक किडा.

"एक चुकला," बाई आनंदाने म्हणाल्या.

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या परत रीतीवर आल्या होत्या, म्हणून उखळाला म्हणाल्या, "म्हातारी झाले गं. नजर गेली."

बाईंनी ठरवलं ते असं. माझे सव्वा महिन्याचे आकडे फेकायचे नाहीत. प्रत्येक पानावर वर लिहायचं, 'सासूने निवडलेले'. कामट्यांवरचे उंदीर भिजवून चिरायचे. उकडलेले किडे मऊ होतात, पण मोजता येतात. खाल्लेले गेले, त्याला इलाज नाही. मी भीत भीत विचारलं, "ते खाऊन एनिफाला, त्यांना काही होणार नाही ना?" बाई म्हणाल्या, "मिठाच्या पाण्यात खळखळून उकळलेत. उकडलेला किडा म्हणजे भाजीतला दोरा. तरी दोघींना तपासून घेऊ." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आणि उद्यापासून टोपली न निवडता माझ्याकडे यायची. हे सासूबाईंना समजावायला बाईंना चिरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. "म्हणजे त्याला किडकेसुद्धा चालतात?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "चालतात," बाई म्हणाल्या. "त्यांना तेच हवेत." सासूबाई 'तेच हवेत, तेच हवेत' असं उखळाला म्हणत आत गेल्या.

१९ जुलै

खणायला गेलो. हाताला दोन फोड आले. मामांनी ते चार जणांना दाखवले.

बारा उंदीर, सातांत किडे. वही पहिल्यांदा घाण झाली.

२० जुलै, रविवार

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. एनिफाने ताट आणून ठेवलं आणि तोंडाला कापड लावून घाईघाईने आत गेली. मी झाकण काढलं. न्सिमा. पालेभाजी. आणि मधोमध, मोठ्या मानाने ठेवलेला, एकच उंदीर. काडीसारखा वाळका, केस राठ, आणि पोट मात्र ढोलासारखं टम्म.

कुंपणापलीकडे सासूबाई कोंबडीला सांगत होत्या. "सगळ्या टोपलीत निवडून निवडून एक काढला गं. याच्याइतका भरलेला या वर्षी झाला नव्हता. दोन वर्षं मला मेलीला कळलंच नाही, पोराला काय आवडतं ते."

मी ताटाकडे पाहिलं. बाईंना बोलावून पुन्हा समजावता आलं असतं. एनिफाला हाक मारता आली असती.

खाल्ला. केसासकट, पोटासकट. शेपटीसुद्धा ठेवली नाही.

मग कोंबडी ओट्याखाली दाणे टिपत आली, तिला मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "सांग त्यांना, फार चांगला झालाय. उद्या दोन वाढा म्हणावं."